साहेबांनी कापलेली नळी

गल्लीत सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचे. त्यात आदर औषधालाही नव्हता, हे एकट्या साहेबांनाच कधी कळलं नाही. उभं आयुष्य गोदामात खोकी आत-बाहेर करवून घेण्यात गेलं, पण बोलणं असं, की जणू जगातली धरणं ह्यांनीच बांधली. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं त्यांची बायको मनातल्या मनात म्हणायची.

त्या भागातलं पाणी जड. साबणाला फेस येईना, म्हणून मुलीने घरात सॉफ्टनर बसवून दिला होता. न्हाणीघराच्या कोपऱ्यात छातीएवढी उंच टाकी, आत पाणी मऊ करणारे बारीक दाणे, आणि टाकीच्या डोक्यावर व्हॉल्व्ह. पाणी घरात कधी सोडायचं आणि मिठाच्या पाण्याने टाकी धुऊन ते गटारात कधी, हे तो ठरवायचा. तो बिघडला. गटारात धार सुरू झाली ती थांबेना, आणि सकाळचा चहा खारट लागला.

"मेकॅनिकला फोन करते," बायको म्हणाली.

"त्या भामट्याला? चार स्क्रू फिरवणार आणि मोठा शहाणा असल्यासारखा बोलणार. मी बदलतो."

"तुम्ही?"

"का, मला काय हात नाहीत?"

हात होते. तीच तर भीती होती.

नवा व्हॉल्व्ह आला. साहेबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, तोही अर्धाच, कारण सांगणारा "उगाच पाल्हाळ लावतो." घराचा मुख्य नळ त्यांनी बंद केला, पण टाकीतला दाब काढायचा राहिला. व्हॉल्व्ह जरा सैल होतोय तोच फवारा थेट चष्म्यावर.

"हे होणारच होतं," साहेब नाक पुसत म्हणाले. दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या बायकोला हसू दाबता दाबता ठसका लागला.

टाकीच्या मधोमध एक उभी नळी असते; दाणे खालीच ठेवून नुसतं पाणी ती वर व्हॉल्व्हमध्ये आणते. जुना व्हॉल्व्ह ओढताना तीही वर उचलली गेली. ती पुन्हा खाली बसवायची, इतकंच काम. साहेबांनी वर आलेला तुकडा निरखला आणि करवत मागितली.

"अहो, जुन्या व्हॉल्व्हला बसत होती ना ती?"

"कंपनीने लांब दिलीय. तुला यातलं काय कळतं?"

नळी कापली, व्हॉल्व्ह बसवला, आणि साहेबांनी विजयी वीरासारखा नळ सोडला. पाण्याबरोबर मोहरीएवढे पिवळे दाणे भसाभसा बाहेर आले. बेसिनमध्ये दाणे, बादलीत दाणे, धुतलेल्या बनियनमध्ये दाणे. शॉवर तर पार तुंबला.

"पाणीच घाण येतंय," साहेब म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं.

बायकोने न विचारता मेकॅनिकला बोलावलं. तो आला तेव्हा साहेब आतल्या खोलीत पेपर उघडून बसले होते. मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढला, नळी उपसली आणि तिचं वाकडंतिकडं टोक वहिनींपुढे धरलं.

"वहिनी, ही कुणी कापली? व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही."

संसारात असे प्रसंग काही कमी आले नव्हते. साहेबांनी लावलेला पंखा कोसळला तेव्हा छत कच्चं होतं, असं तिने सांगितलं होतं. शेजारणीचं कुलूप त्यांनी कायमचं बिघडवलं तेव्हा किल्ली गंजकी ठरली होती. आताही काहीतरी जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "आधीच्या मेकॅनिकने कापली म्हणावं!"

तिचं डोकं सणकलं.

"ह्यांनी कापली," आत नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "मी अडवत असताना."

आत पेपरची सळसळ थांबली.

नवी नळी आली, दाणे भरले, व्हॉल्व्ह चालू लागला. साहेब रुसले आणि बायकोशी बोलेनासे झाले. घर इतकं शांत तिने लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवलं.

पुढच्या आठवड्यात फाटकाशी दोघांना शेजारी भेटला.

"मेकॅनिक अगदीच नवखा हो," साहेब सांगत होते. "मी समोर उभा राहिलो, म्हणून झालं."

पडलो तरी नाक वर! शेजाऱ्याने सवयीप्रमाणे वहिनींकडे पाहिलं. दरवेळी त्या मान डोलवायच्या. आज त्या नुसत्या बघत राहिल्या, आधी शेजाऱ्याकडे, मग नवऱ्याकडे.

साहेबांनी घसा खाकरला आणि शेजाऱ्याच्या स्कूटरमध्ये काय बिघाड आहे ते सांगायला घेतलं.