पिस्तूल रुळेपर्यंत

नव्या वस्तूवर विश्वास ठेवणारा माणूस एकतर भोळा असतो नाहीतर पुरुष असतो, असं माझ्या मावशीचं ठाम मत आहे. "नवं म्हणजे अजून त्याला काहीच येत नाही," असं ती म्हणते. नवी चप्पल ती आधी घरातल्या घरात मोज्यांवर घालून फिरते. नव्या कुकरमध्ये आधी नुसतं पाणी उकळतं, मग बटाटे, आणि भाताचा मान त्याला पुष्कळ उशिरा मिळतो. बिडाच्या तव्याला तेल आणि कांदा चोळून झाला तरी पहिले काही डोसे तिच्या मते तव्याचेच असतात; ते मला खायला मिळतात. नवी गाडी घेतली तेव्हा इथे अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या हायवेवर ती उजव्या लेनमधून इतकी सावकाश निघाली, की मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून जीव काढला. मावशीने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्याला शांतपणे "न्यू कार, न्यू कार" असं सांगितलं. ते त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण आपलं कर्तव्य केल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर घरी पोचेपर्यंत होतं.

अशा या बाईला एकच गोष्ट रुळवता येत नव्हती, ती म्हणजे जावई. तो जॉर्जियातल्याच एका खेड्यातला, दारात वाकून आत येणारा, स्वभावाने अतिशय लाजाळू. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी तो मावशीला 'मॅम' म्हणायचा. इकडे तो आदर असतो, हे मी तिला परोपरीने समजावलं. "अरे, बँकेतली मुलगी मला मॅम म्हणते, तिकीट फाडणारा पोलीस मॅम म्हणतो, आणि हाही मॅमच," ती म्हणायची. "मी काय याच्या काउंटरवर उभी आहे?" दोघांचं बोलणं म्हणजे त्याने ट्रॅफिक कसा होता ते सांगायचं आणि तिने त्याला अजून एक पोळी वाढायची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यानंतर तर जेवणाच्या टेबलावरची ती शांतता ऐकवत नसे.

तिच्या वाढदिवसाला जावयाने एक जड खोकं तिच्यापुढे ठेवलं. आत कुलूप लावायची पेटी आणि पेटीत एक छोटं काळं पिस्तूल. सासूबाई एकट्या राहतात, या काळजीने बिचाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे सगळ्यात मोलाची भेट आणली होती. माझी मावसबहीण किंचाळली, "आर यू क्रेझी? रिटर्न इट!" मी खुर्ची हळूच मागे सरकवली, कारण शौर्य आमच्या घराण्यात आईकडून आलं आणि ते सगळं मावशीकडे गेलं. मावशीने चष्मा चढवला, पिस्तुलाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "नवं आहे ना? मग हे रुळवायचं कसं?"

जावयाने मान वर केली. नव्या पिस्तुलाची स्प्रिंग सुरुवातीला ताठ असते, बऱ्याच गोळ्या झाडल्यावरच ते मोकळं होतं, तोवर त्याच्यावर भरवसा ठेवू नये, असं तो चक्क सलग पाच मिनिटं सांगत होता. मावशी अशा नजरेने ऐकत होती, की तिला परदेशात पहिल्यांदाच कुणी आपल्या धर्माचं भेटलं असावं. मुलीला तिने एका वाक्यात गप्प केलं: "जावयाने आणलेलं परत करायचं नसतं."

आधी तिने सुरक्षिततेचा कोर्स केला, आणि मग दर शनिवारी सकाळी सासू-जावई शूटिंग रेंजवर जाऊ लागले. मी सोबत जायचो, ते मुख्यतः कानांवर हात ठेवायला. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा तर पहिल्या दिवशी मावशी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना करते तसं तोंड करून झगडली. पण खरी गंमत गोळ्यांच्या दुकानात. तिथल्या माणसाला तिने तांदूळ घेताना विचारावं तसं विचारून हैराण केलं. सरावाला साध्या, गोल नाकाच्या, तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या घ्यायच्या, महागातल्या घरच्या रक्षणासाठी, हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे या रोजच्या आणि त्या सणाच्या." गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, हे ऐकून तर तिला सोनाराची गुंज आठवली. एकशे पंधरा ग्रेनची हलकी गोळी त्या ताठ स्प्रिंगला पुरेना. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी मध्येच अडकायची. जावई म्हणाला, एकशे चोवीसची देऊन बघू. ती मात्र पिस्तुलाने बिनतक्रार घेतली. "बाळाला काय पचतं ते बघावंच लागतं," असं मावशीने मला मराठीत सांगितलं आणि जावयासाठी त्याचं भाषांतर करायला लावलं.

मग आला दसरा. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. इतकी वर्षं मावशी विळी, कात्री आणि काकांचा स्क्रूड्रायव्हर पुजत आली. आता घरात खरं शस्त्र आलेलं. तिने रिकाम्या पिस्तुलाला मनापासून हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. शनिवारी रेंजवर पिस्तूल अडकलं ते अडकलंच. जावयाने ते रिकामं करून टेबलावर उघडलं. तेलात कालवलेलं कुंकू निघालं, आणि खाचेतून तांदळाचा एक लालसर दाणा. आसपासचे लोक बघू लागले. मावशी ओशाळली, तिला असं पहिल्यांदाच पाहिलं मी. तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. जावई हसला नाही. दाणा तळहातावर घेऊन म्हणाला, "माझे आजोबा शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून पुसायचे. तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही. याला काही नाव असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं."

पुढच्या दसऱ्याला तो आजोबांची रायफल घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. पाटासमोर कशीबशी मांडी घातली. मावशीने अक्षता उचलल्या तसा तो घाईने म्हणाला, "आई, नॉट देअर. ओन्ली ऑन द हँडल." मावशीचा हात तसाच वर राहिला. तिने मान खाली घातली आणि नको तितका वेळ निरांजनाची वात सारखी करत बसली.

परवाच्या शनिवारी रेंजवरून तिला घरी सोडताना मी विचारलं, "मावशी, दीड वर्ष झालं. पिस्तूल अजून रुळलं नाही?"

"कधीच रुळलंय," ती म्हणाली. "मला कळत नाही होय? स्प्रिंग मऊ झाली आणि माझी बोटंही. हल्ली गोळ्या तोच भरून देतो." तिने मांडीवरची पर्स बंद केली. "पण रुळलं म्हटलं की मग शनिवारी कशाला यायचं रे त्याने? तुझे काका गेल्यापासून शनिवार फार मोठा झालाय. तू बोलू नकोस हं त्याला."

मी बोललो नाही. दारात गाडी थांबवली तर तो मागून आलेलाच होता, तिचा राहिलेला चष्मा द्यायला. चष्म्याबरोबर गोळ्यांचा एक नवा डबा होता. "आई," तो गंभीरपणे म्हणाला, "ही कंपनी आपण अजून ट्राय केलेली नाही." मावशीने डबा हातात घेतला, चष्मा लावून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, आणि तितक्याच गंभीरपणे मान हलवली.