गाडी कोण चालवत होतं?
ताज्या रंगाचा वास आला की साकीनाक्याचं ते गॅरेज आठवतं. सासऱ्यांची गाडी मी चालवताना टेम्पो घासून दार चेपलं होतं. "मीच चालवत होतो म्हणून सांगतो. विमा माझ्या नावावर, तुझं नाव आलं तर क्लेम जाईल," सासरे कुजबुजले. बाजूला ग्राइंडर किंचाळत होता. विम्याच्या सर्व्हेअरने दाराचे फोटो काढून विचारलं, "कोण चालवत होतं?" सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी." त्याने माझं लायसन्स नीट तपासलं. "चालू आहे ना, मग घरातल्या कोणीही चालवली तरी चालते. खोटं सांगितलं असतं तर क्लेम गेला असता." आता सासऱ्यांना दवाखान्यात जायचं असलं की मुलाला नाही, मलाच म्हणतात, "चल गं, गाडी काढ."