पाचव्या मजल्यावरची वाटी

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची वाटी रिकामी परत करायची नाही, असा रिवाज आहे. तिसऱ्या मजल्यावरून अळूवडी आली, की दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून आपला शिरा जातो. काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर. मनवेलपाड्यात नवीन राहायला आले, तेव्हा मला याचं फार कौतुक वाटलं होतं. आता ओट्यावर दुसऱ्याची वाटी दिसली तरी माझं डोकं फिरतं.

माझी लेक दहा वर्षांची. वयाच्या मानाने तिचं वजन बरंच जास्त आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्या आणखीही बरंच बोलल्या होत्या. तिला उपाशी ठेवू नका, तिच्यासाठी वेगळा नियम नको, घरातल्या सगळ्यांनीच सवयी बदला, एकत्र बसून जेवा. मी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या. खाणं कमी, हालचाल जास्त.

पण पोरीने हालचाल करायची कुठे? खाली कंपाउंडमध्ये स्कूटरी अशा दाटीने लावतात की सायकल नुसती वळवायची म्हटली तरी कुणीतरी गॅलरीतून ओरडतं. सकाळी पाण्याची वेळ, तेवढ्यातच पिंप भरा, डबे भरा, तिला सातच्या शाळेला सोडा. गोखिवऱ्याच्या पॅकिंगच्या कारखान्यातून मी घरी पोचते तेव्हा पाय बोलत असतात. नवरा मुंबईहून नऊला येतो आणि चपला काढता काढता सल्ला देतो, की तिला जरा फिरवून आणत जा. जसं काही मी तिला कडीकुलपात ठेवलंय.

मग मला एक युक्ती सुचली. लिफ्ट बंद, आणि वाट्या पोचवायचं काम लेकीचं. आम्ही पहिल्या मजल्यावर, बिल्डिंग पाच मजल्यांची. रोज एखादी वाटी वर जायचीच, म्हणजे व्यायाम आपोआप होणार. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की कारखान्यातल्या बायकांनाही सांगून टाकलं. लेक एका शब्दाने कुरकुरली नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

घरी मी तिला मोजूनमापून वाढायची. एक पोळी, वाटीभर डाळ, ढीगभर काकडी. ती जेवायची आणि मी ओट्याला टेकून तिचा प्रत्येक घास बघायची. तिने पुन्हा भात मागितला की माझ्या कपाळावर आठी. ती अभ्यासाला गेली की मी उभ्याउभ्याच कढईतली उरलेली भाजी, भात, वर तिला नाकारलेले दोन पापड असं काहीबाही खाऊन घ्यायची. ते माझ्या हिशेबी जेवण नव्हतंच.

तीन महिन्यांनी वजन केलं तर काटा आणखी पुढे. मी काट्यातच खोट काढली. डॉक्टरीणबाईंनी मला दुसऱ्या काट्यावर तिचं वजन करून दाखवलं. माझी चिडचिड झाली, आणि खोटं कशाला बोलू, लाजही वाटली.

त्याच आठवड्यात लेक वाटी घेऊन पाचव्या मजल्यावर गेली ती अर्धा तास झाला तरी येईना. मी धापा टाकत जिना चढले. वरच्या काकू मूळच्या गास गावच्या, माहेरची केळीची वाडी. त्यांच्याकडे दार कायम उघडं. आत काका, काकू आणि माझी लेक जमिनीवर मांडी घालून जेवत होते. काकूंच्या ताटात जे, तेच तिच्या ताटात. ती शाळेतली कसली तरी गंमत सांगत होती आणि काका जेवण थांबवून हसत होते. आमच्या घरी ती जेवताना एक शब्द बोलत नाही.

मी दारातूनच तिला उठवलं. काकू कानकोंड्या झाल्या. म्हणाल्या, आम्ही याच वेळेला जेवतो, पोरीला नुसती बघत कशी ठेवणार? मी त्यांनाही फटकन काहीतरी बोलले. जिन्यात लेकीचा दंड धरून विचारलं, की घरी काय तुला उपाशी ठेवते मी?

ती रडली नाही. पायरीकडे बघत म्हणाली, "मम्मी, तिकडे कोण माझ्या ताटात बघत नाही."

मी तिचा दंड सोडला. राग मात्र गेला नव्हता. काकूंवर, वाट्यांवर, नवऱ्यावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण हेच तर डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन ताटं घेतली. दोघींना तेच, तेवढंच, पापड कुणालाच नाही. तिच्या समोर जमिनीवर बसले आणि नजर स्वतःच्या ताटात ठेवली. ते किती अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. शाळेचं विचारलं, तर नुसतं "ठीक" म्हणाली. डाळ अळणी झाली होती. मिठाची वाटी तिच्या पलीकडे होती, म्हणून मी हात पुढे केला.

तिने झटकन आपलं ताट मांडीशी ओढलं आणि त्यावर हात आडवा धरला.

मी हात मागे घेतला आणि तशीच अळणी डाळ भातावर ओतली.