मेणाळलेलं डिझेल

परदेशात, ट्रॉय शहरात आल्यावर बरीच वाट पाहिली, मग माझं वर्क परमिट आलं आणि मी शाळेची बस चालवायला लागले. नवरा मोटारींच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आधी तो हसला, मग माझ्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी माझ्याहून जास्त घाबरला. नागपूरला मी फक्त स्कूटी चालवलेली. पण त्या पिवळ्या बसच्या उंच सीटवर बसलं की मला फार शांत वाटायचं. घरं, झाडं, कुंपणं सगळी खाली, आणि मी त्यांच्यामधून तरंगत चाललेय असं.

हिवाळ्यातल्या पहाटे यार्डात बस रांगेनं उभ्या असायच्या. प्रत्येकीच्या नाकातून एक वायर निघून खांबावरच्या प्लगमध्ये गेलेली. त्या वायरीमुळे इंजिन कोमट राहायचं. अंधारात, पाठीवर बर्फ घेऊन त्या अशा उभ्या असत, की चढण्याआधी नकळत माझी एक थाप बसच्या अंगावर पडायची.

त्या सकाळी माझी नेहमीची बस ब्रेकच्या कामाला गेली होती, म्हणून मला राखीव बस मिळाली. पानगळीपासून ती उभीच होती. थंडी आदल्या दिवशी एकाएकी कोसळली होती. श्वास घेतला की नाकात सुया टोचत. तरी बस लगेच सुरू झाली. एकेका थांब्यावर मुलं चढली, गरगरीत जॅकेटांमधली, पेंगुळलेली.

मोकळ्या मैदानाच्या बाजूनं जाताना बस ढिली पडली. पेडल दाबलं तरी ओढेना. इंजिनचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, गोष्ट ऐकता ऐकता डोळा लागलेल्या पोराच्या हुंकारासारखा. मी कशीबशी बस कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, आणि इंजिन बंद पडलं.

बसमधल्या रेडिओवरून गॅरेजला हाक दिली. तिथली मेकॅनिक पिकल्या केसांची, मोजकं बोलणारी बाई होती.

"स्टार्टर फिरतोय?" तिनं विचारलं.

"फिरतोय. पण इंजिन पकडत नाही."

"डिझेल थिजून जेल झालं. मुलांना आतच ठेव. दुसरी बस पाठवते, मीही येते."

हीटरमधून आता गार वारा येत होता. एवढी लेकरं, आणि बाहेर हाडं फोडणारी थंडी. मी सगळ्यांना पुढच्या सीटांवर दाटीवाटीनं बसवलं, टोप्या कानांवर ओढल्या, पेटीतली ब्लँकेटं पांघरली. पहिल्या सीटवर एक छोटी मुलगी होती, पुण्याच्या घरातली. ती मला मावशी म्हणायची आणि बाकी सगळं इंग्रजीत बोलायची.

"मावशी, इज द बस डेड?"

"नाही गं. थंडीनं तिचं तेल थिजलंय."

तिनं विचार केला. "लाइक आजीज कोकोनट ऑइल?"

"अगदी तस्सं!"

मग तिनं वळून सगळ्यांना समजावलं, की बसचं तेल घट्ट झालंय, ते शेकलं की पुन्हा पातळ होईल. कुणी रडलं नाही. खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फाची नेच्यासारखी पानं उमटत होती. इतक्यात मैदानापलीकडे सूर्य वर आला आणि हवेतच काहीतरी चमकायला लागलं. बर्फ पडत नव्हता. हवेतले बारीक कण नुसते तरंगत होते, लखलखत होते. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मला वाटलं, आपण सगळेच कुणाच्यातरी काचेच्या बरणीत बसलोय आणि ती बरणी कुणीतरी हलकेच उजेडाकडे धरलीय. भीती होती, पण ती जरा लांब जाऊन उभी राहिली होती.

दुसरी बस आली. मी एकेकाचा हात धरून त्यांना त्या उबेत चढवलं आणि जीव भांड्यात पडला. मेकॅनिकही आली होती; तिनं माझी बस ओढून गॅरेजात नेली.

तिथे तिनं फिल्टर काढून माझ्यासमोर धरला. त्यावर पिवळट साय धरली होती. बोट लावलं तर मेणासारखी लागली.

"मेणच आहे," ती म्हणाली. "डिझेलमध्ये असतंच, एरवी विरघळलेलं. हिच्या टाकीत उन्हाळ्याचं डिझेल राहून गेलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"पण हिलाही वायर लावलेली होती."

"वायर इंजिनला ऊब देते, टाकीला नाही. हिवाळी डिझेल भरायचं, आणि त्यात न थिजण्याचं औषध घालायचं, तेही थंडी यायच्या आधी. थिजल्यावर त्याचा उपयोग नाही."

आम्ही हीटरपाशी कॉफी घेऊन बसलो. तिनं टाकीतलं थोडं डिझेल एका बरणीत काढून ठेवलं होतं, धुक्यासारखं गढूळ. बोलता बोलता उबेनं ते निवळत गेलं आणि शेवटी बरणीपलीकडची तिची बोटं मला स्वच्छ दिसायला लागली. आम्ही दोघी बघत राहिलो.

तिनं नवा फिल्टर बसवला. हिवाळी डिझेल आणि औषध मात्र माझ्याकडून घालून घेतलं. दुपारी तीच बस घेऊन मी शाळेच्या दारात उभी राहिले. मुलं ती ओळखून आरडाओरडा करत धावत आली. छोटीनं चढताना डॅशबोर्डवर हातमोजा टेकवला.

"वॉर्म," ती म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन बसली.