चिप माझ्या हातात होती

११ डिसेंबर, गुरुवार. काम – जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यातलं जुनं वर्कस्टेशन चालू करून देणे. मुदत – त्याच संध्याकाळपर्यंत.

माझ्या कामाच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर हेच लिहिलेलं आहे. त्याखाली जे आहे ते मी आजवर तीनच माणसांना दाखवलंय. तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते, आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात लिहिणाऱ्याला विचारते – वायरिंग तपासलं होतं का? दिवे आपोआप उघडझाप करतात म्हणजे कुठेतरी जोड सैल असतो. पत्र्यावर पावलं वाजतात ती मांजराची असतात. सत्तावीस वर्षं मी बंद पडलेली यंत्रं उघडते आहे. आत झुरळं निघाली, पाली निघाल्या, एका गिरणीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये पावशेर पीठ निघालं. भूत निघालं नाही. तेव्हा मी जे सांगते आहे तेही तुम्ही त्याच नजरेने वाचा. कोणाला चूक सापडली तर मला हवीच आहे.

धुळ्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. नवे लॅपटॉप मी घेत नाही, त्याला गल्लोगल्ली माणसं आहेत. माझ्याकडे येतात ती कारखान्यांतली म्हातारी मशीनं – ज्यांची कंपनी केव्हाच बंद झाली, पण ज्यांच्यावर अजून कोणाचं तरी काम अडलेलं असतं. हे त्यातलंच. नव्वदच्या दशकातलं परदेशी वर्कस्टेशन, मिठाईच्या मोठ्या खोक्यासारखं चपटं, वर दोन माणसांनी उचलावा असा मॉनिटर. प्लास्टिकच्या चटईवर मोर, हत्ती, सुस्वागतम, सोंगट्यांचा पट असं जे विणलेलं असतं, ते या मशीनवर काढायचं आणि मागावर पाठवायचं.

काढणारी एकच – कमलअक्का. असोद्याहून रोज येते. वय छप्पन्न, नोकरीची दोन वर्षं राहिलेली, दोन्ही गुडघे गेलेले. दोनशे चौदा डिझाइनं तिने या मशीनवर केली आणि ती दुसऱ्या कशातच उघडत नाहीत.

आता कारखान्यात नवा माग येत होता. त्याच्यासोबत नवं सॉफ्टवेअर, आणि ते बसवायला शुक्रवारी दुपारी बारा वाजता इंजिनिअर. हेमंतभाऊंनी – कारखाना त्यांचा – मला फोनवर सरळ सांगितलं होतं. जुनी डिझाइनं नव्यात गेली, तर ती ओळखणारं माणूस म्हणून अक्का खुर्चीवर राहील. नाही गेली, तर इंजिनिअर इंटरनेटवरून हजार डिझाइनं काढून देईल आणि अक्का पॅकिंगला जाईल. पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागतं. माणूस वाईट नाही, पण हिशेबी आहे. नेमकं त्याच आठवड्यात मशीन बंद पडलं.

बिघाड काय ते मला धुळ्यातच कळलं होतं. या मशीनमध्ये खोडरबराएवढी एक चिप असते, तिच्या पोटात बॅटरी. मशीनचा स्वतःचा नंबर तिच्यात असतो – आणि फक्त तिच्यातच. बॅटरी संपली की मशीन आपला नंबर विसरतं. नवी चिप लावली की मशीन चालू होतं, पण तिच्यात नंबर आपण हाताने घालायचा. डिझाइनचा प्रोग्राम त्या नंबरला बांधलेला. नंबर चुकला की तो उघडत नाही. पहिली निम्मी अक्षरं कंपनीची, ती ठरलेली असतात. शेवटच्या सहा जागा त्या एका मशीनच्या.

आधी मीच २००९ मध्ये ही चिप बदलली होती. तेव्हा बॅटरी पुरती संपायच्या आत जुन्या चिपमधून नंबर उतरवून घेतला, माझ्या वहीत लिहिला आणि खोक्याच्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवला. दुकान हलवलं तेव्हा त्या वर्षांच्या वह्या मी रद्दीत घातल्या. खोक्यावर आहेच, म्हटलं.

सकाळी साडेनऊला पोहोचले, खोकं फिरवलं, तर बाजू आरशासारखी स्वच्छ.

अक्का जवळच उभी होती. तिला विचारलं, इथे काळ्या शाईने काही लिहिलेलं होतं ना?

"मीच पुसलं व ताई," ती म्हणाली. "दर दसऱ्याले थिनर मारते मी. शेठच्या आईले पूजेला मशीन चकचकीत लागते. मले वाटलं कोनं तरी रेघोट्या मारल्या."

अक्काचं घर बौद्ध. दसऱ्याची यंत्रपूजा ती करत नाही, पण पूजेआधीची सफाई तिच्याकडे. थिनरने पुसायची आमच्या इकडे सगळ्यांनाच सवय. तिला मी काय बोलणार? वही तर मी रद्दीत घातली होती.

सकाळभर शोधलं. मूळ कागदांची फाइल वाळवीने खाल्लेली. मशीन विकणाऱ्यांचं नाशिकचं ऑफिस बंद होऊन जमाना झाला. जाणकार विचारतील, लॉगमध्ये – मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदींत – नंबर मिळतो ना? मिळतो. पण डिस्क लहान म्हणून दर आठवड्याला लॉग पुसायची व्यवस्था मीच पूर्वी लावून ठेवली होती, आणि नवी चिप घालून मशीन चालू केल्याबरोबर त्या व्यवस्थेने आपलं काम चोख केलं. लायसन्सची फाइल वाचता येण्यासारखी नव्हती. प्रोग्रामचं कुलूप तोडणं मला येत नाही, निदान एका दिवसात तर नाहीच. मी नव्या चिपमध्ये शेवटी शून्य शून्य शून्य शून्य शून्य एक असा तात्पुरता नंबर घातलेला होता. मशीन चालू होत होतं, प्रोग्राम नाही म्हणत होता.

एक वाजता हेमंतभाऊ डोकावले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जेवून घ्या." म्हणजे त्यांनी आशा सोडली होती, ते कळलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. जनरेटर फक्त मागांना आहे, डिझाइनच्या खोलीत नाही. रिकामं बसवेना, म्हणून मी झाकण काढून चिप बाहेर काढली. तिच्या खालच्या बारीक धातूच्या पायांपैकी एखादा वाकला असावा अशी शंका होती. मशीनचं बटण चालूच ठेवलं, प्लगही भिंतीत – वीजच नाही तर काय, असं म्हणत. हे चूक आहे. माझ्या दुकानात कोणी असं केलं तर मी त्याला घरी पाठवते.

चिप घेऊन खिडकीशी गेले आणि भिंगातून पाय मोजत होते. अक्का स्टुलावर बसली होती. तिने डबा उघडला नव्हता. मला म्हणाली, पॅकिंगला सुमन आहे, तिच्याशी बोलून घेते, ती बसायला उपडी पाटी देईल अधूनमधून. म्हणजे तिने मनाची तयारी केली होती. मी पुन्हा पाय मोजायला घेतले. खोटा धीर देणं मला जमत नाही.

तीनला दहा कमी असताना वीज आली.

ट्यूब लागली, पंखा फिरला आणि माझ्या पाठीमागे डिस्क सुरू झाल्याचा तो बारीक चढता आवाज आला. चिप बसते ते सॉकेट रिकामं असताना बोर्डला वीज मिळणं बरं नव्हे, म्हणून मी बटण बंद करायला धावले... आणि हात तिथेच राहिला. पडदा उजळला होता.

चिप नसली की या मशीनचा पडदा उजळत नाही. काळाच राहतो. इथे नेहमीची पहिली पाटी आली – मॉडेल, मेमरी आणि मशीनचा नंबर. मी घातला होता तो नंबर हा नव्हता. शेवटी शून्यं नव्हती.

मी चिपकडे बघितलं. डाव्या हाताच्या मुठीत होती. सॉकेटकडे बघितलं. रिकामं होतं, दोन्ही ओळींतली भोकं दिसत होती.

मोबाइलने फोटो काढला – एकाच फोटोत पडदा आणि उघडं खोकं. मग अक्काला म्हटलं, प्रोग्राम उघड.

उघडला.

तिला मूठ उघडून दाखवली. सांगितलं, अक्का, याच्याशिवाय हे मशीन चालू शकत नाही. तिने चिप पाहिली, रिकामी जागा पाहिली, पडदा पाहिला.

"सकाळपासून मशीनले काय म्हनत होत्या तुम्ही? चालू व्हय, चालू व्हय. झालं ना मंग."

"कसं झालं?"

"ते घरी जाऊन इचार करा. आमच्या घरी ना देव ना भूत. आता हे थांबायच्या आत काम करू द्या मले."

बरोबर होतं तिचं. वीज पुन्हा गेली असती तर हे पुन्हा घडेल याची कोण हमी देणार? मी माझ्या लॅपटॉपला तार जोडली, दाराला आतून कडी लावली आणि बटणासमोर खुर्ची ओढून बसले, कोणाचा हात लागू नये म्हणून. प्रत्येक डिझाइन प्रोग्राममध्ये उघडायचं, साध्या, कुठेही उघडेल अशा चित्राच्या स्वरूपात साठवायचं, लॅपटॉपवर घ्यायचं. एकेकाला मिनिट-सव्वा मिनिट. अक्काचे हात झपाझप चालले होते आणि तोंडही. हा मोर पहिल्यांदा केला तेव्हा त्याला तीन पाय झाले होते, शंभर चटया विणून झाल्यावर कळलं, आणि त्या सगळ्या दोंडाईच्याच्या बाजारात खपल्या, कोणी पाय मोजले नाहीत. ही केळीच्या पानांची किनार, फैजपूरकडे लग्नात हीच मागतात. हे कमळ तिने स्वतःच्या लेकीच्या लग्नासाठी काढलं होतं, मग शेठने विक्रीलाच लावलं.

पाचच्या सुमाराला ट्यूब एकदा लुकलुकली. पंखा मंदावला. मशीन चालूच राहिलं.

सव्वासातला दोनशे चौदावं डिझाइन लॅपटॉपवर आलं. मी सगळी एकेक उघडून पाहिली, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत केली, आणि मग कडी काढून हेमंतभाऊंना बोलावलं. ते पडद्यापुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. काय झालं, कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जाताना म्हणाले, "अक्का, उद्या बाराला इंजिनिअरजवळ तुमची खुर्ची टाका. त्याला कुठलं काय ते सांगायला लागेल."

अक्काने तेव्हा डबा उघडला. भाकरी कडक झाली होती. अर्धी मला दिली.

तिला रिक्षात बसवून आल्यावर मी मशीन बंद केलं. एक मिनिट थांबले आणि चिप न लावता चालू केलं. पडदा काळा. पाच वेळा केलं. पाचही वेळा काळा. मग चिप लावली, तो सहा जागांचा नंबर हाताने घातला, तर मशीन मुकाट चालू झालं, प्रोग्रामही उघडला. म्हणजे नंबर खरा होता.

आता तुमच्या मनात जे प्रश्न येतील ते माझ्याही आले. बोर्डावर नंबर दुसरीकडे कुठे साठत नाही, बोर्डाचा नकाशा माझ्याकडे आहे. जुनी चिप मेलेली, माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होती. त्या पाच तासांत मशीनला माझ्या लॅपटॉपशिवाय काही जोडलेलं नव्हतं. नजरचूक म्हणाल, तर लॅपटॉपने समोरच्या मशीनचा नंबर स्वतःच नोंदवला आहे आणि ती नोंद आजही आहे. योगायोग म्हणाल, तर प्रत्येक जागी शून्य ते नऊ किंवा ए ते एफ अशा सोळांपैकी काहीही येतं, म्हणजे सहा जागांचे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर नंबर होतात. फोटो दोघा जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. एक म्हणाला, चिप लावलेली असणार, तुझ्या लक्षात नसेल. दुसऱ्याने फोटो मोठा करून सॉकेटची भोकं मोजली आणि मग फोनच केला नाही. बॅटरी संपली, पाय वाकला, जोड सुटला – असं काहीतरी वहीत कारण म्हणून लिहायची माझी पद्धत आहे. त्या पानावर कारणाची जागा कोरी आहे.

रात्री जळगावातच नणंदेकडे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कारखान्यात गेले, खोक्याचं पत्र्याचं झाकण काढलं आणि पिशवीत घालून भांड्यांच्या दुकानात नेलं. तिथे मशीनने नावं घालून देतात, तांब्यावर, ताटावर. दुकानदाराने झाकण उलटंपालटं करून पाहिलं, हे कसलं भांडं म्हणाला. मी कागदावरचा नंबर दाखवला. त्याने तो कोरला, बोट फिरवून चुरा झटकला आणि विचारलं, "खाली काय घालू ताई? सप्रेम भेट?"

म्हटलं, "नको. कमल तायडे, असोदा – एवढंच घाला. आणि खोल घाला, थिनरने जायला नको."