काळी पडशील

प्रभाच्या नवऱ्याचं नाव सूर्यकांत. कॅनडातल्या एडमंटनच्या थंडीत तिच्या वाट्याला येणारा सूर्य एवढाच, आणि तोही दोन आठवडे उत्तरेकडे तेलखाणीच्या कॅम्पवर कामाला, एक आठवडा घरी. घरी असला की झोपलेला. हा विनोद माझा नाही, तिचाच. उन्हाळ्यात ती असे विनोद पोत्याने करते. ते बंद झाले की मी समजते, बाई गेली खाली.

मी तिच्या समोरच्या घरात राहते. आमची ओळख ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता झाली. दिवाळीचा फराळ संपत आला की प्रभा खचायला लागते, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. आधी फोन उचलत नाही. मग केस विंचरत नाही. मग उठतच नाही. गेल्या थंडीत अशीच न उठल्यामुळे तिची बेकरीतली नोकरी गेली. सूर्यकांत म्हणाला, 'आळस आहे, दुसरं काय.' त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

डॉक्टरने सांगितलं की हा आजार आहे, ऊन कमी पडल्याने होतो. मग तिने एक दिवा आणला. वहीएवढा, सपाट, डोळे दिपवणारा पांढरा. रोज सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. गोळ्या आणि दिवा मिळून प्रभा माणसात आली. ह्या थंडीच्या आधी, २०१६ च्या सप्टेंबरात, तिला वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम मिळालं. ती मला म्हणाली, ''अवंती, ही नोकरी पण गेली ना, तर मी पुन्हा उठायची नाही. मला माहितीये.''

आणि नोव्हेंबरात कराडहून सासूबाई आल्या.

इथे एक सांगायला हवं. प्रभा सावळी आहे. सावळी हा माझा शब्द, कराडला तो कुणी वापरला नाही. साखरपुड्यात तिच्यादेखत ह्याच सासूबाई म्हणाल्या होत्या, 'पोरगी गुणी आहे, रंगाचं काय ते चालवून घेऊ.' त्याआधी तिच्या आईने तिला लहानपणभर उन्हापासून लपवलं होतं. शाळेत जाताना छत्री, आल्यावर डाळीचं पीठ आणि दही. ''फुकट मिळत होतं तेव्हा मला त्याच्यापासून लपवलं,'' प्रभा एकदा म्हणाली, ''आणि आता मी ऊन ॲमेझॉनवरून मागवते.''

सासूबाईंनी पहिल्याच सकाळी तिला दिव्यासमोर पाहिलं.

''काय गं हे? एवढ्या उजेडात तोंड घालून बसतीस. काळी पडशील!''

''आई, ह्याने रंग बदलत नाही. हे औषध आहे माझं.''

''अगोदरच काय कमी हाय का? चैत्रात चिरागचं लग्न. चार माणसं म्हणतील, कॅनडाला गेली आणि जळून आली.'' चिराग म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा.

रोज हेच. मग एका सकाळी दिवा जागेवर नव्हता. प्रभाने कपाटं शोधली, गराज शोधलं. सासूबाई म्हणाल्या, ''मला काय ठाऊक? तुमच्या इथल्या वस्तू मला कळतात होय?'' सूर्यकांत फोनवरून म्हणाला, ''अगं, नवीन ऑर्डर कर.'' दात घासायला उठणं जिच्या जिवावर येतं, तिला म्हणे नवीन ऑर्डर कर! मी नेमकी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणासाठी विंडसरला होते, नाहीतर त्याच दिवशी दारात नवा दिवा आणून ठेवला असता.

प्रभा खाली खाली गेली. कामावर 'बरं नाही' म्हणून सिक कॉल करायला लागली. सुपरवायझर बाई दोनदा गोड बोलली, तिसऱ्यांदा गोड बोलली नाही.

एका दुपारी धुवायच्या चादरी गोळा करताना तिने सासूबाईंच्या पलंगाखालची पेटी ओढली. आत डांबराच्या गोळ्यांच्या वासाची साडी, आणि साडीत दिवा.

''अवंती, कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं,'' ती मला नंतर म्हणाली. ''राग आला. इतका आला की भूक लागली. मी उभ्या उभ्या तीन पोळ्या खाल्ल्या.''

दुसरी एखादी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. प्रभाने दिवा काढून घेतला, साडीत जुना पोळपाट गुंडाळला आणि पेटी होती तशी सरकवली. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी दिवा लावून बसू लागली. रागाने तिला पलंगावरून उठवलं आणि दिव्याने उठलेलं टिकवलं. नोकरी वाचली. पंधरवड्यात ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली. आणि सासूबाई कराडच्या लतामावशींना, म्हणजे चिरागच्या आईला, व्हिडिओवर सांगत होत्या, ''दिवा बाजूला केला मी. बघ, कसा रंग उजळलाय सुनेचा!''

मी परत आल्यावर हे ऐकलं आणि चप्पल घालूनच निघाले, बर्फात. म्हटलं, म्हातारीला चार शब्द सुनावतेच. प्रभाने मला दारातच अडवलं.

''थांब. थंडी अजून पुष्कळ आहे.''

तिला काय म्हणायचं होतं ते मला जानेवारीत कळलं. उणे तीसची लाट आली. साडेआठनंतर उजाडायचं, पाच वाजले की अंधार. सासूबाईंचं बाहेर जाणं बंद झालं. मग मालिका बंद झाल्या. मग डोक्याला तेल लावणं बंद झालं. चहा पुढे केला की 'नको'. दिवसभर खुर्चीत, पडदा ओढून. एक दिवस प्रभा मुद्दाम काळ्या कुर्त्यात त्यांच्यासमोर उभी राहिली, तरी त्या रंगावरून काही बोलल्या नाहीत.

''तेव्हा माझी खात्री पटली,'' ती म्हणाली. ''मला झालं तेच झालंय तिला.''

''मग?''

''मग काय. बसू दे थोडी.''

मीही म्हटलं, बसू दे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना सासूबाई रडायला लागल्या. ''मला काय झालंय गं? अंगात जीवच नाही. उठावंसंच वाटत नाही.'' प्रभाने ऐकून घेतलं, खाली गेली आणि दिवा घेऊन वर आली. सासूबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या खोलीकडे.

''पेटीत पोळपाट आहे,'' प्रभा म्हणाली.

प्रभाने दिवा टेबलावर ठेवला, पण लावला नाही. ''हे औषध तुम्हालाही लागू पडेल. उद्या डॉक्टरकडेही नेते. पण आधी मावशींना फोन लावू.''

कराडला रात्र होती. लतामावशी झोपेच्या तयारीत, कपाळाला बाम लावून पडद्यावर आल्या. ''अगंबाई, हा तोच दिवा का?''

''सांगा आई,'' प्रभा म्हणाली.

सासूबाई खाली बघत राहिल्या. मला वाटलं, आता प्रभा सोडेल. ती उभीच.

''मला... ह्याच्यापुढं बसायचंय.''

''पुढचं.''

''काळी पडले तरी चालंल.''

''मोठ्याने. मावशींना ऐकू आलं नाही.''

''काळी पडले तरी चालंल मला!'' सासूबाई ओरडल्या आणि पदरात तोंड घालून हमसून रडल्या.

प्रभाने बटण दाबलं. ''पदर काढा आई. तोंडावर उजेड पडला पाहिजे.''

निघताना बूट चढवत मी तिला विचारलं, ''सूड घेतला की आतून रिकामं वाटतं म्हणतात. वाटलं का गं?''

तिने खरोखर विचार केला. ''नाही. पोट भरल्यासारखं वाटलं.'' मग म्हणाली, ''उद्यापासून पहाटे उठवते तिला. रजई ओढून.''

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारात मी गाडीवरचा बर्फ खरवडत होते. समोर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढरा उजेड होता. दिव्याच्या बरोबर समोर प्रभा बसली होती, चहाचा कप घेऊन. सासूबाई बाजूला होत्या, आणि आपली खुर्ची हळूहळू तिच्या खुर्चीकडे सरकवत होत्या.