चूक न खोडणाऱ्या बाई

चूक खोडण्याच्या बाबतीत आमच्या बाईंइतकी आळशी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत कुणी चुकीचं उत्तर दिलं, की बाई ते आपल्या सुबक अक्षरात फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आणि पुढच्या कामाला लागत. कुणाचं उत्तर, ते लिहीत नसत. "राहू द्या तिथं. सापडन कोनाले तरी," एवढंच म्हणत. मग ती चूक आठ-आठ दिवस तिथं मुक्काम ठोकून असे.

सतराला तीनने भागलं तर बरोबर सहा, हे असंच राहिलं होतं. शेवटी बाईंनी भुईमुगाच्या सतरा शेंगा आणून तिघांत वाटायला लावल्या. तिसऱ्याला एक कमी पडली, भांडण पेटलं, आणि बाई निवांत हजेरी भरत बसल्या.

माझे बाबा एकदा तणतणत शाळेत आले. "बाई, पोरगी घरी हरेक गोष्टीले आमालेच काहून-काहून करते. तुमी शिकवून काय राहिल्या?"

"विचारते ना, भाऊ? मंग शिकूनच राहिली," बाई म्हणाल्या. बाबांना काही ते पटलं नाही.

चौथीत मी ठासून सांगितलं, चंद्र फक्त रात्रीच दिसतो. ते कोपऱ्यात गेलं. चार दिवसांनी सकाळी शाळेत येताना आम्हा पाच-सहा जणींना छपरावर फिकट चंद्र दिसला. बाईंना कधी सांगतो असं झालं होतं. नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले.

साहेबांनी कोपरा वाचला. "हे तुम्ही लिहिलं?"

"हो साहेब, मीच लिहिलं," असं म्हणून बाई आमच्याकडे पाहत थांबल्या. साहेब, ते उत्तर माझं, आणि ते चूक आहे हे आम्हाला आजच कळलं, एवढं मी बोलले असते तरी पुरे होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. सगळा वर्ग तसाच. साहेबांनी शेरा मारला, शिक्षिकेचे विषयज्ञान कच्चे. मुख्याध्यापकांनी तो कोपरा बंद केला, आणि वर्ष संपता संपता बाईंची पातूरला बदली झाली.

मी आता अकोल्यात शिकवते. निवृत्तीनंतर बाई अमरावतीला राहत. गेल्या वर्षी जाऊन मी माफी मागितली. इतकी वर्षं ती लाज मला पुरून उरली होती. बाई फार थकल्या होत्या.

"मीच सांगतलं असतं त सुटली असती मी," त्या म्हणाल्या. "पन मले तुमच्या तोंडून आयकाचं होतं. विचार कराले शिकवलं तुमाले. बोलाले शिकवाचं राहूनच गेलं."

दिवाळीनंतर त्या गेल्या.

काल आमच्या शाळेत मीटिंग झाली. पोरांच्या प्रश्नांत वेळ घालवू नका, तेवढ्यात सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, असं ठरलं. कुणाला काही म्हणायचंय का, असं मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं. मला म्हणायचं होतं. सहीचा कागद माझ्यापर्यंत आला, मी सही केली आणि पुढे सरकवला.